१९७१ च्या लढाईतली जखम, आणि पराक्रम पदक अजून नाही. आता काय करता येईल?

मानकापूरकर | ८ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी.

आमच्या गल्लीतल्या एका काकाजींसाठी विचारतो आहे. वय ७७. १९६७ ला पायदळात भरती झाले, १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर होते. तिथं मॉर्टरच्या गोळ्याचा छर्रा डाव्या मांडीत शिरला. साडेतीन महिने लष्करी दवाखान्यात काढून पुन्हा पलटणीत हजर झाले. १९८४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक मिळालं आहे. जखमेबद्दल मात्र काहीच नाही. पेन्शनही फक्त सेवेचं.

डिस्चार्ज बुक उघडून पाहिलं. जखमेबद्दल शाईनं एकच ओळ आहे : "स्प्लिंटर, डावी मांडी". तारीख नाही, ठिकाण नाही. सही आहे, पण अर्धी शिक्क्याखाली गेलेली.

विचारायचं ते असं : इतक्या वर्षांनी पदक मिळू शकतं का? अर्ज कुठं करायचा? आणि वकील आत्ताच गाठावा का?

काकाजींचं म्हणणं एवढंच आहे, "मले लागलं होतं, हे सरकारच्या कागदावर येऊ द्या."

---

फीत_आणि_पदक | ८ जून, रात्री १०:०४

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, मागता येतं.

इंग्रजीत वुंड मेडल, हिंदीत पराक्रम पदक. १७ ऑगस्ट १९७३ ला सुरू झालं. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा. पदक १९७३ चं असलं तरी १९७१ च्या जखमींच्या छातीवर ते दिसतं, त्यामुळे "तुमची लढाई आधीची" असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

नावातल्या 'पराक्रम'मुळे घोटाळा होतो. लोकांना वाटतं, वीरचक्र किंवा सेना पदकासारखी कुणीतरी शिफारस करायला हवी होती. तसं नाही. शौर्यपदक म्हणजे वरिष्ठांची शिफारस आणि त्यावरचा निर्णय, ती जुनी प्रकरणं सहसा पुन्हा उघडत नाहीत. पराक्रम पदकाला शौर्य तपासत नाहीत. प्रश्न एकच : जखम शत्रूच्या थेट कारवाईत झाली का? मग ते युद्ध असो की बंडखोरांविरुद्धची मोहीम. म्हणून अर्जात "काकाजी फार शूर होते" यावर दोन पानं खर्च करू नका. ते खरंच असेल, पण त्या फाइलला त्याचा उपयोग नाही.

---

नरखेड | ८ जून, रात्री १०:३१

भाऊ, तार आली होती का घरी? त्या वक्ताले जवान जखमी झाला की रेकॉर्ड ऑफिसातून घरच्याइले तार जात होती. काकाजीच्या मायची पेटी, देवघराचा डबा, जुनी पोथी, समदं पाहा. लोकं तार फेकत नोहते.

---

दस्तऐवज | ८ जून, रात्री ११:५०

नरखेड यांनी अगदी मुद्द्याचं विचारलं आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण अशी बहुतेक प्रकरणं पहिल्याच पत्रात चुकतात.

चूक ही की माणूस थेट पदक मागतो. पदक देणारा टेबल फक्त नोंद पाहतो. नोंद नसेल तर दोन ओळींचं उत्तर येतं, "अभिलेखानुसार पात्रता आढळत नाही", आणि पुढं प्रत्येक वेळी तेच पत्र तुमच्या तोंडावर मारलं जातं. म्हणून आधी नोंद मागायची, नोंद हातात आली की पदक.

ही नोंद कशी तयार होते ते समजून घ्या. जवान जखमी झाला की पलटण कॅज्युअल्टी रिपोर्ट पाठवते. त्यात 'बॅटल कॅज्युअल्टी' की 'फिजिकल कॅज्युअल्टी' असा शेरा असतो. शत्रूच्या माऱ्यात लागलं तर पहिला, गाडी उलटून किंवा घसरून पडून लागलं तर दुसरा. मग त्याचा पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतली घटना नोंदवणारा अधिकृत आदेश) निघतो, आणि त्या ऑर्डरवरून रेकॉर्ड ऑफिसात शीट रोलवर (जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकावर) ओळ चढते. दवाखान्याची साखळी वेगळी : फील्ड मेडिकल कार्ड, भरती-डिस्चार्जचं रजिस्टर, केस शीट, शेवटी मेडिकल बोर्ड.

१९७१ सारख्या धावपळीत बहुधा असं होतं की दवाखान्याची साखळी पूर्ण होते आणि पलटणीची मध्येच तुटते. जवान मागं हलवला गेला, पलटण पुढं सरकली, क्लार्कनं ऑर्डर काढला पण शेरा लिहायचा राहिला. काकाजींच्या डिस्चार्ज बुकात "स्प्लिंटर" आहे आणि तारीख नाही, यावरून तसंच काहीसं दिसतं. कुठल्यातरी कागदावरून ती ओळ उतरवली गेली आहे. तो मूळ कागद शोधायचा.

पहिलं पत्र रेकॉर्ड ऑफिसला. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, रेकॉर्डमध्ये आहे तसंच नाव, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, १९७१ ची पलटण आणि कंपनी, निवृत्तीच्या वेळची पलटण, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर. आणि मागायचं फक्त हे : जखमेचा कॅज्युअल्टी रिपोर्ट, त्यावरच्या पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख, शीट रोलची प्रमाणित प्रत, मेडिकल बोर्डाचे सगळे कागद, आणि मिळालेल्या पदकांची यादी. यापलीकडे एक शब्द नको. पत्र एका पानात बसलं पाहिजे.

स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपा. डिस्चार्ज बुकाची कोरी पानंसुद्धा झेरॉक्स करा, कारण नंतर कुणीतरी हमखास विचारतं, "मागच्या पानावर काही होतं का?"

---

रामटेक | ९ जून, सकाळी ७:१५

काकाजी नागपूरचे म्हणजे कामठीला जाऊन चौकशी केली तर होईल न?

---

कामठी_रोड | ९ जून, सकाळी ८:०२

@रामटेक, नागपुरात ही चूक फार होते. रेकॉर्ड ऑफिस राहत्या गावावरून ठरत नाही, रेजिमेंटवरून ठरतं. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं आहे. जवान महार रेजिमेंटचा असेल तर सागर, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा असेल तर बेळगाव, ग्रेनेडियर्सचा असेल तर जबलपूर, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोड. बॉम्बे सॅपर्स असतील तर खडकी. कामठी जवळ पडतं म्हणून तिथं अर्ज टाकला तर तो एकतर परत येतो किंवा पडून राहतो.

नागपूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मात्र कामाचं आहे. माजी सैनिकाचं ओळखपत्र आणि डिस्चार्ज बुक घेऊन जा, त्यांच्याकडून पुढं पाठवण्याचं पत्र घ्या. ते पत्र जोडलं की रेकॉर्डमध्ये अर्जदार खरा की खोटा हा प्रश्न उरत नाही. निर्णय त्यांच्या हातात नसतो, त्यामुळे तिथं पदकासाठी वाद घालू नका.

---

कलम_सहा | ९ जून, सकाळी ११:२०

पत्राला महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. थोडं तपशिलात सांगतो.

केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येतं, मजकुराला ३००० अक्षरांची मर्यादा आहे. फी १० रुपये. पोस्टानं पाठवायचं असेल तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर. झेरॉक्सचे पानामागे २ रुपये ते नंतर मागतात. मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात गेलं तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायला हवं. उत्तर नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "पराक्रम पदक का दिलं नाही?" असं विचारू नका. 'का' विचारलं की उत्तर येतं, "कारण देणं ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही." कागद मागा. "अमुक आर्मी नंबरच्या जवानाबाबत डिसेंबर १९७१ ते एप्रिल १९७२ या काळात निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती" असं.

आणि कागद नष्ट केले आहेत असं उत्तर येईल, हे धरूनच चाला. म्हणून पहिल्याच अर्जात शेवटचा मुद्दा घाला : "वरीलपैकी जे नष्ट केले असतील त्यांच्या नष्ट करण्याच्या आदेशाची आणि यादीची प्रत द्यावी." ती यादी कधीकधी मूळ कागदाइतकीच बोलते. आणि यादीत तुमचा कागद नसेल, तर तो नष्ट झालेला नाही असं म्हणायला जागा मिळते.

---

शिल्पा_धरमपेठ | ९ जून, दुपारी १:४५

जवान हयात नसेल तर? वारसांना हे सगळं मागता येतं का?

---

कलम_सहा | ९ जून, दुपारी २:१०

येतं. पत्नीनं अर्ज केला तर सगळ्यात सोपं, कारण पीपीओवर तिचं नाव असतं. मुलानं केला तर मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद जोडावा. पदकही वारसाकडे दिलं जातं.

---

विधी_वाचक | ९ जून, संध्या. ६:३०

वर पेन्शनवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पदक मागतानाच वॉर इंज्युरी पेन्शनही मागून घ्या. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात ए ते ई असे पाच वर्ग आहेत. युद्धातली जखम ई वर्गात येते आणि तिचा दर साध्या अपंगत्व पेन्शनपेक्षा जास्त. शिवाय टक्केवारी वर नेण्याचा नियम आहे : ५० च्या आतली ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००. राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१४ मध्ये तो लाभ निवृत्त झालेल्यांनाही दिला. एकाच अर्जात दोन्ही मागितलं तर हेलपाटा वाचतो.

---

दस्तऐवज | ९ जून, रात्री ९:४०

@विधी_वाचक, इथं मी तुमच्याशी सहमत नाही, आणि हा मतभेद धाग्यासाठी महत्त्वाचा आहे.

एक तर तारखा. २००१ चं ते पत्र १ जानेवारी १९९६ ला किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांसाठी आहे. काकाजी १९८४ चे. त्यांच्या बाबतीत पाया २४ फेब्रुवारी १९७२ चा, १९७१ च्या युद्धानंतर निघालेला उदार पेन्शनचा आदेश, आणि त्यानंतरच्या सुधारणा. अर्जात "ई वर्ग" लिहिलं तर पहिल्याच टेबलावर "लागू नाही" असा शेरा पडेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पदकाला अपंगत्वाची टक्केवारी लागत नाही. पेन्शनला लागते, तीही निवृत्तीच्या वेळची. काकाजी साडेतीन महिन्यांनी पलटणीत परतले आणि त्यानंतर बारा वर्षं नोकरी केली. त्या काळी वैद्यकीय वर्ग ए, बी, सी असे होते. ते 'सी' तात्पुरता होऊन पुन्हा 'ए' झाले असतील, तर निवृत्तीच्या वेळी कागदावर ते पूर्ण धडधाकट होते. मग पेन्शनची मागणी फेटाळायला कारण तयारच आहे, आणि एकाच अर्जात दोन्ही असलं की त्या नकारात पदकही वाहून जातं.

म्हणून क्रम असा : नोंद, मग पदक, मग बोर्डाचे कागद पाहून पेन्शन. बोर्डात २० टक्के किंवा जास्त लिहिलं असेल तर लढायला जागा आहे. नोकरीत ठेवलं त्या वेळी अपंगत्वाबद्दल एकरकमी पैसे घेतले होते का, हेही आधी विचारा. घेतले असतील तर ते लपवू नका, पीपीओच्या फाइलीत ते निघतंच.

---

विधी_वाचक | ९ जून, रात्री १०:१५

१९९६ ची तारीख माझ्याकडून सुटली, दुरुस्ती मान्य. दोन्ही मागण्या वेगळ्या ठेवाव्यात हेही पटलं.

एवढं मात्र राहू द्या : पेन्शनची मागणी उशिरा केली म्हणून मुळातूनच जात नाही. तरसेम सिंग प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की दर महिन्याला कमी पेन्शन मिळणं हा चालू राहणारा अन्याय आहे. मात्र थकबाकी साधारण दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच.

---

डॉ_मेडिकल_चौक | १० जून, सकाळी ६:५०

वैद्यकीय बाजू कुणी लिहिली नाही, म्हणून.

काकाजींच्या मांडीचा साधा एक्स-रे काढा, दोन बाजूंनी : समोरून आणि आडवा. एकाच बाजूनं काढला तर धातूचा तुकडा हाडावर आहे की हाडापुढं आहे हे कळत नाही. मॉर्टरचे छर्रे पुष्कळदा पूर्ण निघत नाहीत. खोल स्नायूत गेलेला बारीक तुकडा काढण्यापेक्षा ठेवणं बरं म्हणून शल्यचिकित्सक सोडून देतात. एक्स-रेत तो पांढराशुभ्र, कडा वेड्यावाकड्या असा दिसतो. बंदुकीची गोळी असेल तर कड गुळगुळीत, आणि आकारावरून ओळखू येते.

रेडिओलॉजिस्टच्या अहवालात चार गोष्टी लिहून घ्या : धातूचा परकीय तुकडा, मिलिमीटरमध्ये आकार, हाडापासूनचं अंतर, किती तुकडे. सोबत त्वचेवरच्या व्रणांची नोंद : आत शिरल्याचा व्रण, बाहेर पडल्याचा व्रण आहे की नाही, शस्त्रक्रियेचा टाके घातलेला सरळ व्रण. आत शिरल्याचा व्रण आहे, बाहेर पडल्याचा नाही आणि आत धातू आहे, असं एकत्र आलं की गोष्ट जुळते.

पण एक समजून घ्या. एक्स-रे सांगतो की आत धातू आहे. तो कधी शिरला हे एक्स-रे सांगत नाही. म्हणून हा जोडपुरावा.

दुसरं, जीवाशी संबंधित. आत धातू असू शकतो हे माहीत असलेल्या माणसानं तसं सांगितल्याशिवाय एमआरआयच्या खोलीत जाऊ नये. लोखंडी तुकडा चुंबकानं हलू शकतो, तापू शकतो. मांडीत धोका कमी, पण डोळ्याजवळ किंवा मणक्याजवळ असेल तर फार. गुडघेदुखीसाठी एमआरआय लिहून दिला आणि पेशंट लढाईचं सांगायला विसरला, असं या वयात होऊ शकतं. घरच्यांनी सांगावं.

---

नरखेड | १० जून, सकाळी ७:३०

डॉक्टरसाहेब, हे लय कामाचं सांगतलं. आमच्याकडल्या म्हाताऱ्या फौजीइले हे कोणी सांगत नाही.

---

रामटेक | १० जून, सकाळी ९:१०

शंका : युद्धबंदीनंतर सुरुंग काढताना जखमी झालेल्यांचं काय? १७ डिसेंबरच्या रात्री ८ ला पश्चिमेला बंदी लागू झाली. सुरुंग त्यानंतर काढले गेले असतील न?

---

फीत_आणि_पदक | १० जून, सकाळी १०:२५

हो. आणि तिथंच पदक आणि पेन्शनची वाट वेगळी होते. ज्या २००१ च्या पत्राबद्दल वर वाद झाला त्यात युद्धजखमेच्या वर्गात सीमेजवळच्या भागात सुरुंग पेरताना, काढताना किंवा सुरुंगक्षेत्र ओलांडताना झालेला अपघाती स्फोट स्पष्ट लिहिला आहे. सुरुंग आपलाच असला तरी. पराक्रम पदकाची अट मात्र "शत्रूची थेट कारवाई". सुरुंग कुणी पेरला होता हे तिथं दाखवावं लागेल. म्हणून अशा अर्जात तारखेइतकंच सुरुंगक्षेत्र कुणाचं होतं हे लिहा.

काकाजींच्या बाबतीत मॉर्टर आहे, तो प्रश्न नाही. पण तारीख १७ डिसेंबरच्या आतली हवी. ती कळल्याशिवाय अर्ज टाकू नका.

---

कामठी_रोड | १० जून, दुपारी १२:४०

तारीख ठरवायला मदत होईल असं आणखी : फौजी पत्रं. पश्चिमेकडच्या पत्रांवर पत्ता ५६ एपीओचा (लष्करी टपाल कार्यालयाचा) असायचा, पूर्वेकडच्यांवर ९९ एपीओचा. दवाखान्यातून लिहिलेल्या अंतर्देशीय पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता बदललेला असतो : पलटणीऐवजी दवाखान्याचं नाव आणि वॉर्ड. शिक्क्यातली तारीख वाचता येत नसेल तर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून फोटो काढा, शाई उमटून दिसते. आणि पत्राला लॅमिनेशन करू नका! मूळ कागद तपासायला मागितला तर पंचाईत होते.

---

मानकापूरकर | १० जून, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी मदत मिळेल असं वाटलं नव्हतं. काकाजींना सगळं वाचून दाखवलं. पेटी रविवारी काढतो. त्यांच्या कंपनीतले दोघे हयात आहेत, एक काटोलला, एक भंडाऱ्याला. त्यांची प्रतिज्ञापत्रं घेऊ का? मजकूर मीच टाइप करून देतो म्हणजे त्यांना त्रास नको.

---

दस्तऐवज | १० जून, रात्री ९:४५

घ्या, पण मजकूर तुम्ही टाइप करू नका. दोन प्रतिज्ञापत्रांत एकच वाक्य, एकच स्वल्पविराम दिसला की तपासणारा दोन्ही बाजूला ठेवतो. त्यांना बोलू द्या, त्यांच्या शब्दांत उतरवा. प्रत्येकानं स्वतःचा आर्मी नंबर, त्या दिवशी स्वतः कुठं होता, काकाजींपासून किती अंतरावर, काय पाहिलं, कुणी उचलून नेलं, हे सांगावं. जे पाहिलं नाही ते "ऐकलं" असं वेगळं लिहावं. आठवत नसेल तर "आठवत नाही" लिहावं. ५४ वर्षांनी सगळं आठवतं असं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र खोटं वाटतं. त्यांच्या डिस्चार्ज बुकाची प्रत जोडा, म्हणजे ते त्या पलटणीत होते हे सिद्ध होतं.

आणि नाव तपासा. रेकॉर्डमधलं स्पेलिंग, आधारवरचं आणि स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलवरचं एकच आहे का? आपल्याकडे 'नामदेव'ची दोन स्पेलिंग सर्रास असतात. फरक असेल तर तो आधी मिटवा, नाहीतर बरोबर कागद चुकीच्या माणसाचा ठरतो.

---

शिल्पा_धरमपेठ | ११ जून, सकाळी ८:२०

थोडं विषयांतर. सीताबर्डीचा किल्ला १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मेला लोकांसाठी उघडतात. मुलांना घेऊन रांगेत उभे राहतो आपण. तिथं टेरिटोरियल आर्मीची ग्रेनेडियर्सची ११८ वी बटालियन आहे. काकाजींसारख्या माणसांना त्या दिवशी सोबत न्यावं, मुलांना त्यांच्याकडून ऐकायला मिळेल.

---

मानकापूरकर | १९ जुलै, रात्री ८:३०

खूप दिवसांनी येतो आहे.

तार सापडली. पोथीच्या बासनात होती, नरखेडभाऊ, अगदी तुम्ही म्हणालात तशी. चार घड्या घातलेली, घड्यांवर फाटलेली. इंग्रजीत आर्मी नंबर, नाव, "वूंडेड इन अ‍ॅक्शन" आणि तारीख ११ डिसेंबर. एक्स-रेत दोन तुकडे आले, मोठा ९ मिमीचा.

रेकॉर्ड ऑफिसचंही उत्तर आलं. शीट रोलवर पार्ट टू ऑर्डरचा नंबर आहे, जानेवारी १९७२ चा. पण "मूळ ऑर्डर उपलब्ध नाही" असं लिहिलं आहे. शीट रोलवर "वूंडेड" आहे, "बॅटल कॅज्युअल्टी" हा शब्द नाही. इथं अडकलो. आता वकील?

---

दस्तऐवज | १९ जुलै, रात्री ९:२०

अडकला नाहीत, पाऊण काम झालं आहे.

तार आणि शीट रोल एकमेकांना धरून उभे आहेत. तार रेकॉर्ड ऑफिसनंच पाठवली, म्हणजे "लढाईत जखमी" हा शेरा त्या दिवशी त्यांच्याकडे पोचला होता. पुढच्या पत्रात हेच लिहा : आपल्याच कार्यालयाची ही तार, आपल्याच शीट रोलवरचा हा ऑर्डर नंबर, तरी शेरा अपुरा, तो पूर्ण करून बॅटल कॅज्युअल्टी म्हणून नोंद दुरुस्त करावी. आता पदकाची मागणी जोडा, पण वेगळ्या परिच्छेदात, शेवटी. तारेची प्रमाणित प्रत द्या, मूळ कधीही पाठवू नका.

मूळ ऑर्डर "उपलब्ध नाही" आणि "नष्ट केला" यांत फरक आहे. कलम_सहा यांनी सांगितलेली नष्ट केलेल्यांची यादी मागितली होती का?

---

मानकापूरकर | १९ जुलै, रात्री ९:३५

मागितली होती. त्यावर काहीच उत्तर नाही.

---

कलम_सहा | १९ जुलै, रात्री १०:००

मग पहिलं अपील उद्याच टाका. फक्त त्या एका मुद्द्यावर. "मुद्दा क्र. ६ ची माहिती दिलेली नाही", एवढंच.

सोबत दुसरा अर्ज, पलटणीच्या युद्ध दैनंदिनीसाठी. ११ डिसेंबर १९७१ चं पान, आणि त्या दिवसाच्या जखमींची संख्या किंवा नावं. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयानं धोरण मंजूर केलं आहे की युद्ध दैनंदिन्या आणि तत्सम कागद साधारण २५ वर्षांनी खुले करावेत. माहिती अधिकाराच्या कलम ८(३) मध्ये २० वर्षांहून जुन्या घटनेची माहिती देण्याची तरतूद आहे, सुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडून. दोन्ही उल्लेख करा. सगळी दैनंदिनी मागू नका. एका दिवसाचं पान मागितलं तर नकार द्यायला कारण सापडणं अवघड जातं.

---

विधी_वाचक | १९ जुलै, रात्री १०:४०

वकिलाबद्दल. आत्ता नको. दुरुस्तीच्या पत्राला लेखी नकार येऊ द्या किंवा सहा महिने जाऊ द्या. सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायचं तर आधीचे मार्ग वापरले हे दाखवावं लागतं. अर्ज करून सहा महिने उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या सहा महिन्यांत दावा दाखल करता येतो. लेखी नकार आला तर तिथून सहा महिने. म्हणून पत्र ज्या दिवशी पोचलं ती तारीख वहीत लिहून ठेवा, सगळा हिशेब तिथून.

नागपूरसाठी मुंबई खंडपीठ. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अपंग व्यक्ती आणि महिला यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. काकाजींकडे अपंगत्वाचा दाखला असेल तर तो तिथं चालेल.

---

नरखेड | २० जुलै, सकाळी ६:४०

तार सापडली हे वाचून लय बरं वाटलं भाऊ. काकाजीले सांगा, आता तिची घडी घालू नका.

---

डॉ_मेडिकल_चौक | २० जुलै, सकाळी ७:०५

९ मिमीच्या तुकड्याचा अहवाल आहे त्याची एक प्रत काकाजींच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डासोबतच ठेवा, पाकिटातच. आणि फिल्म गुंडाळून ठेवू नका, सपाट ठेवा, उन्हापासून दूर. बोर्डानं बोलावलं तर अहवाल पुरत नाही, फिल्म मागतात.

---

मानकापूरकर | २० जुलै, रात्री ८:१५

अपील टाकलं. दुरुस्तीचं पत्रही आज स्पीड पोस्टानं गेलं. मजकूर मी टाइप केला, पण सही करण्याआधी काकाजींनी चष्मा लावून तीनदा वाचला, आणि तारखेच्या खाली पेननं स्वतः एक रेघ ओढली.